सासूबाईंना सांभाळायची पाळी लावायची की नाही? तुमच्या घरी कसं चाललंय ते सांगा

शिवणमशीन_भवानीपेठ

नमस्कार. लिखाण लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. आणि एक विनंती. "एकत्र कुटुंबं मोडली, माणसं स्वार्थी झाली" असलं काही लिहू नका. ते भाषण मी घरात दिवाळीपासून ऐकतेय.

आमच्या सासूबाई ब्याऐंशीच्या. मुलं तिघं. थोरले आमचे हे, एमआयडीसीत टॉवेलवाल्याकडं हिशेबाला आहेत. मधल्या नणंदबाई इथंच जुळे सोलापुरात, शाळेत शिकवतात. धाकटे भाऊजी पुण्याला वाकडमध्ये, नवरा-बायको दोघंही नोकरीला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई पहिल्यापासून आमच्याकडेच, आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. गेल्या वर्षी त्यांचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून चालतात. पण रात्री उठवून न्यावं लागतं, अंघोळ घालावी लागते, शुगरची गोळी वेळेवर द्यावी लागते. हे सगळं मी करते. का, तर मी "घरीच असते".

मी घरी असते म्हणजे काय ते सांगते. मी शाळेचे गणवेश शिवते. आपल्या सोलापुरात हा धंदा केवढा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. कारखान्यातून कापलेला माल गठ्ठ्यानं येतो, मला शर्टाच्या कॉलरी आणि कफ असतात, पैसे डझनावर. मार्च लागला की जूनपर्यंत मशीन थांबत नाही. वर्षाची खरी कमाई त्याच चार महिन्यांत. कॉलरीचं टोक काढताना हाक आली की उठायचं, परत येऊन बसलं की टाका कुठं सोडला होता ते शोधायचं. संध्याकाळी डझन कमी भरतात. मालक काही बोलत नाही, पुढच्या खेपेला गठ्ठा लहान पाठवतो. त्यात पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. ते भरायलासुद्धा "घरी असणारं माणूस" मीच.

परवा नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." कौतुकच केलं त्यांनी. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

आता भाऊजींचं म्हणणं, पाळी लावू. तीन घरं, चार-चार महिने. ऐकायला न्याय्य वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात सासूबाई वाकडला राहून आल्यात, त्याची गंमत सांगते. नववा मजला. सकाळी आठला घर रिकामं, नातू पाळणाघरात, स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या करून जाणार. भाकरी त्यांना येत नाही, कडक भाकरी म्हणजे काय ते तर सांगूनही कळेना. भाऊजींनी हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. ऑफिसातून त्यातूनच विचारायचे, "आई, गोळी घेतली का?" आवाज आला की सासूबाई आधी पदर सारखा करणार आणि मग भिंतीकडं बघून "घेतली रे बाबा" म्हणणार. गोळी घेतलेली असो नसो. महिना पुरा व्हायच्या आत, "मला माझ्या घरी सोड." भाऊजींचा जीव आहे आईवर, त्यात खोट नाही. पण दुपारी तिथं घरात जीवच कुणी नसतो.

नणंदबाईंकडं जायला सासूबाई तयार नाहीत. लेकीकडं सणाला जायचं, बाळंतपणाला जायचं, मुक्काम टाकायचा नाही, हे डोक्यात पक्कं बसलंय. शिवाय नणंदबाईंचे स्वतःचे सासरे घरात आहेत, तेही ऐंशीच्या पुढचे. त्यांचं कोण करतं? नणंदबाईच, शाळा सांभाळून.

आमच्याकडं जुन्या दिवसांचा फार गजर चालतो म्हणून तेही सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे मिलमध्ये साच्यावर होते. चाळीतल्या दोन खोल्या आणि पुढचा व्हरांडा, त्यात आम्ही अकरा माणसं. सासरे पहिल्या पाळीला, चुलत सासरे रात्रपाळीला. एक उठून भोंग्याला निघायचा आणि दुसरा येऊन त्याच अंथरुणात आडवा व्हायचा, वाकळ गार होत नव्हती. पगार एका हाती, चूल एक. पुढं मिल बंद पडली. चुलत सासरे भिवंडीला मागावर गेले, त्यांची मुलं तिकडचीच झाली. सासऱ्यांनी आधीच फंडाच्या पैशातून हे घर घेऊन ठेवलं होतं म्हणून आम्ही इथं राहिलो. भांडण कुणाचं कुणाशी झालं नाही. ज्याला जिथं काम लागलं तिथं तो गेला, एवढंच झालं.

तर दिवाळीत भाऊजी म्हणाले, "आपली आजी किती वर्षं अंथरुणाला खिळून होती, पण घरात पाच बायका, कुणाला कळलं तरी का?" सासूबाई खाटेवरून ताडकन म्हणाल्या, "तुला कळलं नसंल. मला कळत होतं. धाकटी म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. बाकीच्या विड्या वळत बसायच्या, त्यांचा पैसा यायचा, त्यांना कोण उठवणार?" सगळे गप्प. भाऊजींनी चिवड्याचं ताट पुढं ओढलं.

मला तेव्हापासून एकच लागून राहिलंय. त्या काळी विड्या वळणारीला तरी कुणी उठवत नव्हतं. मी तर कमावते, तरी मलाच उठवतात, कारण माझं मशीन घरात आहे.

विचारायचं ते असं. तुमच्यात कुणी महिन्यांची पाळी लावली आहे का, आणि जिची पाळी लावली तिला ती मानवली का? बाहेरच्या भावंडांनी पैसे दिले तर घ्यावेत का, आणि कुणाच्या हातात? आणि नणंदबाई परवा सहज म्हणाल्या, "घरात माझाही वाटा आहे ना." रागानं नाही म्हणाल्या. पण आमच्या ह्यांना ते लागलं. वाटा आणि सेवा यांचा हिशेब एकत्र करतात का?

हुतात्मा_शनिवार

वहिनी, मी तुमच्या धाकट्या भाऊजींच्या जागेवरचा माणूस. सोलापूरचा, पोटासाठी पुण्यात. दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरतो, रविवार आई-वडिलांजवळ काढून परत. आमच्या डब्यात निम्मे चेहरे ओळखीचे झालेत. सगळे माझ्यासारखेच, कुणाच्या पिशवीत औषधं, कुणाच्या पिशवीत परतीची शेंगा चटणी.

पैशाचं सांगतो. सुरुवातीला मी दादाच्या खात्यावर पाठवत होतो. दादा ते घरखर्चात घालायचा. त्यात वाईट काही नाही, पण वहिनीच्या कष्टाला त्यातला रुपया लागत नव्हता. मग मी वहिनींना थेट देऊ केले तर त्या चिडल्या. "मला पगार देताय का? मी नोकर आहे का?" बरेच महिने अबोला. शेवटी बायकोनं तोडगा काढला. आमच्याकडून पोस्टात वहिनींच्या नावावर आवर्ती ठेव सुरू केली, दर महिन्याला हप्ता आम्ही भरतो. आणि दिवसाची बाई ठेवली, तिचा पगार आम्ही परस्पर तिला देतो. वहिनींनी बाईला आठवडाभर नावं ठेवली. आता बाईला ताप आला तर वहिनीच आम्हाला फोन करून काढा विचारतात.

कॅमेऱ्याचं वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. मीही लावलाय. आमचे अण्णा त्यावर टॉवेल टाकतात.

आणि भाऊजींना माझ्याकडून सांगा, मेमधली रजा शिमल्याला घालवू नका. मेमध्ये सोलापुरात येऊन बसा, आईला तुम्ही बघा आणि वहिनींना शिवू द्या. ऊन आहे. चालतंय.

अम्माची_मधली

अक्का, मी कुंभारीच्या विडी घरकुलातून लिहितेय. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी शाळेतली आहे, चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या सासूबाई बोलल्या ते शंभर टक्के खरं. माझ्या अम्मानं सगळा जन्म विड्या वळल्या. रात्री पान भिजवून ठेवायचं, पहाटे कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप घेऊन बसलं की हजार होईपर्यंत उठायचं नाही. नाना, म्हणजे वडील, मागावर होते, मागाला काम असेल तर असेल. पण विडीचा पैसा आठवड्याला ठरलेला. म्हणून अम्माला घरात कुणी "जरा इकडं ये" म्हणत नव्हतं. पाणी भरायचं, भात शिजवायचा, आजीला धुवायचं, ते आम्ही मुली करायचो. मी सातवीत शाळा सोडली ती त्याच्यासाठी. तेव्हा कुटुंब मोठं होतं म्हणतात, पण त्या मोठ्या कुटुंबात काम लहान पोरींच्या अंगावर होतं. हे कुणी सांगत नाही.

हे घर अम्माच्या नावावर आहे. माझा तम्मुडू, म्हणजे धाकटा भाऊ, भिवंडीला. अम्माला मीच बघते, माझ्या नवऱ्याच्या घरात नाही, अम्माच्या घरात येऊन. नवरापण इथंच राहतो. लोक त्याला आधी हसले. आता त्याच गल्लीत अजून दोन जावई तसेच राहतात.

तुमच्या सासूबाई लेकीकडं जात नाहीत ना, मग लेकीला तिकडं बोलवा. घर तेच, माणूस बदला.

वकिलीणबाई_सातरस्ता

सल्ला फुकट आहे, त्यामुळे तेवढंच वजन द्या. कागद बघितल्याशिवाय कुणाच्या शब्दावर जाऊ नये, माझ्यासुद्धा.

पहिलं घराचं. सासऱ्यांनी स्वतःच्या फंडातून घेतलेलं घर आणि मृत्युपत्र नसेल, तर ते स्वकष्टार्जित. त्यात बायको आणि सगळी मुलं-मुली सारख्या वाट्याची वारस. तुमच्याकडे सासूबाई, दोन मुलगे, एक मुलगी, म्हणजे चौघांना एकेक चतुर्थांश. पुष्कळांना वाटतं मुलीचा हक्क २००५ साली आला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मजात हक्काची होती, आणि महाराष्ट्रानं तर तो १९९४ मध्येच दिला होता. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. अडचण एक होती. भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी बहिणीला स्वतःहून मागता येत नसे, भावांनी वाटून घेईपर्यंत थांबावं लागे. ते कलम २००५ मध्ये गेलं. तेव्हा नणंदबाई बोलल्या ते कायद्याला धरून बोलल्या. यजमानांना वाईट वाटून घ्यायला कारण नाही.

दुसरं सेवेचं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही जबाबदार धरतो. सज्ञान नातवंडंही त्यात आली. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जातो, चरितार्थाची रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येते. आणि त्या यादीत सून नाही. घरोघर जी प्रत्यक्ष करते तिचं कायद्यात नावच नाही, हे आमच्या बार रूममध्येही फारसं कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

वाटा आणि सेवा एकत्र तोलू नका. "तू हक्कसोड दे, आम्ही आईला बघतो" असले सौदे माझ्याकडे दर आठवड्याला येतात, आणि वर्षा-दोन वर्षांत तेच लोक पुन्हा येतात, फक्त वेगवेगळ्या बाकड्यांवर बसतात. सासूबाईंना स्वतःचा हिस्सा कुणाला द्यायचाच असेल तर तो त्यांचा निर्णय. बक्षीसपत्र केलं तर "सांभाळ करावा" ही अट त्यात शब्दांत लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर ते रद्द मागण्याची सोय याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, पण त्यासाठी अट दस्तात असावी लागते. तोंडी अटीवर भांडत बसलेले पुष्कळ म्हातारे मी पाहिलेत.

सत्तरीपार_एसटी

ताई, इथं सगळे सांभाळणारे लिहितायत. मी सांभाळला जाणारा लिहितो. एसटीत कंडक्टर होतो, आता दोन मुलांकडं पाळीनं असतो. तीन महिने इकडं, तीन महिने तिकडं. माझी बॅग कधी पूर्ण उघडत नाही. प्रेशरचं मशीन, चष्मा, गोळ्यांचा डबा वरच्या कप्प्यात, म्हणजे सापडायला बरं.

मुलं चांगली आहेत दोन्ही. सुनाही. पण सांगू का, रात्री जाग आली की पहिल्यांदा आठवावं लागतं आपण कुठल्या घरात आहोत. संडासाच्या दिव्याचं बटण एकीकडं डाव्या हाताला, दुसरीकडं दाराबाहेर. एकदा आपटलो ते त्यामुळंच. तुमच्या सासूबाईंचं हाड मोडलेलं आहे. त्यांना फिरवू नका.

आणखी एक. महिना संपत आला की घरात कुणी काही बोलत नाही, पण कॅलेंडरकडं सगळे बघतात. मीही बघतो.

एक आमच्या पिढीचंही ऐका. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीसच्या आसपास होतं, पोरं पटापट मरायची त्यामुळं आकडा इतका खाली, हे खरं. पण ऐंशी गाठणारे गावात बोटावर मोजण्याइतकेच. आता सरासरी सत्तरला गेली. आणि पोरं किती? सरकारी पाहणीत २०१९-२१ ला महाराष्ट्रात बाईमागं १.७. म्हणजे म्हातारे वाढले, हात कमी झाले, आणि हात आहेत ते नोकरीवर. आमच्या आजोबांना कुणी सांभाळलं हे विचारतात पोरं. आमचे आजोबा मी चालायला लागायच्या आधीच गेले. सांभाळायची वेळच आली नाही.

सासूबाईंना विचारलंत का त्यांना काय पाहिजे? सगळ्या लिखाणात त्या मोजकंच बोलल्या, पण मुद्द्याचं बोलल्या.

शिवणमशीन_भवानीपेठ

सगळ्यांचे आभार. संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, सगळे आले होते, नंदीध्वजाची मिरवणूक बघून आल्यावर रात्री बसलो. काकांनी सांगितलं तसं आधी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी इथंनं हलणार नाही. आणि हिला हाका मारायला मला पण आवडत नाही, पण दुसरं कुणी दिसत नाही तर काय करू?" त्यांनाही ते बोचत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही एकमेकींना कधी बोललोच नाही.

मग मी गेल्या हंगामाची वही आणली आणि भाऊजींच्या पुढं ठेवली. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी किती डझन, नंतर किती. बोलून दाखवण्यापेक्षा ते बरं पडलं. भाऊजी हिशेबात हुशार, एका नजरेत कळलं त्यांना. दिवसाच्या बाईचा पगार ते आणि नणंदबाई अर्धा-अर्धा देणार. आवर्ती ठेवीचं मी नको म्हटलं. पगार घेते असं वाटलं असतं मला, हुतात्मावाल्यांच्या वहिनीसारखंच. त्याऐवजी जाऊबाईंनी मला ज्यूकीचं मोटरवालं मशीन घेऊन द्यायचं ठरवलंय. ते मी नको म्हणाले नाही.

पाळी लावलीय, पण माणसांची. शनिवारी रात्री नणंदबाई इकडं मुक्कामाला. पहिल्याच शनिवारी त्या त्यांच्या सासऱ्यांनाही रिक्षातून घेऊन आल्या, त्यांना घरी एकटं कुठं ठेवणार? ते दुसऱ्या मिलचे रिटायर. दोघा म्हाताऱ्यांचं रात्री अकरापर्यंत चाललं होतं, कुठल्या मिलचा भोंगा आधी व्हायचा यावर. विहीणबाई म्हणून सासूबाई आधी पदर घेऊन बसल्या होत्या, नंतर आवाज चढला. रविवारी मला सकाळी सातपर्यंत कुणी उठवलं नाही.

मेमध्ये भाऊजी आठवडाभर येतो म्हणालेत. बघू. आमच्या ह्यांनी रात्रीचं उठणं एक दिवसाआड घेतलंय, पहिल्या दिवशी त्यांना आईचा वॉकर उघडता आला नाही. वाट्याचा विषय वकिलीणबाईंचं वाचून दाखवल्यावर मिटला असं नाही, पण उतारा काढून बघू यावर आलाय.

आता फक्त बाई मिळायची आहे. भवानी पेठ, घोंगडे वस्ती किंवा दाजी पेठेतली कुणी माहितीत असेल तर कळवा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, भाकरी आली पाहिजे, तेलुगू बोलणारी असली तरी चालेल, सासूबाईंना येतं. मार्चच्या आत पाहिजे, गठ्ठे यायला लागलेत.